गाळोजीरावांस अनावृत पत्र

रा. रा. गाळोजीराव शिवालिककर,
मु. पो. सुखना तलाव (तळमजला), चंडीगड.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, या शहरात नियोजनकार ल कॉर्ब्युझिएचा उदो उदो चालतो आणि आपले नाव निघते ते फक्त शिव्या घालायला. परवा कांसल-नेपलीच्या जंगलातली तळी पाहून आलो आणि हा अन्याय सहन होईना.

१९५८ साली सुखना चो नावाचा ओढा अडवून तलाव झाला. नियोजनकारांनी सेक्टरांना नंबर दिले, रस्त्यांच्या प्रती ठरवल्या. आपली सोय मात्र कुठेच केली नाही. आपण पावसाबरोबर शिवालिकच्या भुसभुशीत टेकड्यांवरून आलात आणि असे ठाण मांडलेत, की पुढे सुशिक्षित नागरिकांना भर उन्हाळ्यात घमेली उचलून श्रमदान करावे लागले. महाराष्ट्रात आपले भाऊबंद सरकारी योजनेतून ट्रॉलीत बसून शिवारात जातात. आपला मान मोठा!

मग आपल्याला वरच्या वर अडवायचे ठरले. टेकड्यांवर खैर, शिसम लावले, ओहोळांवर मातीचे बंधारे घातले. बंधाऱ्यामागे आपण बसलात, आपल्या डोक्यावर पाणी साचून तळी झाली, पाण्यावर सांबरे आली, सांबरांमागे बिबट्या आला. १९९८ मध्ये सरकारने या सुमारे २६ चौरस किलोमीटर जंगलाला अभयारण्य म्हटले. म्हणजे धास्ती आपली आणि पुण्य वन खात्याचे.

या तळ्यांची वाट म्हणाल तर सोपी. वन खात्याची परवानगी काढायची आणि चालू लागायचे. हरिश्चंद्रगड चढलेला माणूस याला ट्रेक म्हणणार नाही, शतपावली म्हणेल. आमच्यातल्या एकाने तरीही डोंगर चढायची काठी आणली होती. ती शेवटपर्यंत सेल्फीला उपयोगी पडली. दुसऱ्याने स्पीकर आणला होता. त्यामुळे पहिल्या तळ्यावर आम्हाला फक्त टिटवी दिसली, तीही ओरडत निघून जाताना.

पुढच्या तळ्यावर स्पीकरची बॅटरी संपली. काठावर आपण ओलेच पसरला होतात आणि अंगावर रात्रीची सगळी हजेरी घेतली होतीत: सांबराचे दुभंगलेले खूर खोल रुतलेले, कडा अजून ढासळत होत्या, त्यांवरून मोराची तीन बोटे, शेजारी रानडुकरांनी उकरलेला राडा. पलीकडे एक सांबरीण गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने कान आमच्याकडे वळवले, खाणे थांबवले नाही.

आता तक्रार. आपण वर थांबता ते ठीक, पण पाण्यालाही थांबवून घेता. पाऊस ओढ देतो, खाली तलाव उघडा पडतो आणि सगळे या बंधाऱ्यांकडे बोट दाखवतात. पूर्वी आपण आलात म्हणून ओरड, आता पाणी येत नाही म्हणून. माणसांचे मनावर घेऊ नये.

जाता जाता एक सल्ला. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सुखना तलावाला जिवंत व्यक्तीचे हक्क जाहीर केले. आपणही अर्ज करून टाका. रहिवासाच्या पुराव्याची तर आपल्याला अडचणच नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बूट धूत बसलेला मराठी माणूस