घरशाळेची पुस्तकं : एक शास्त्रोक्त निवडपद्धती

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, हा निर्णय प्रार्थनापूर्वक घ्यावा. एकदा तो घेतला की पुढे प्रार्थनेला सवड होत नाही, कारण पुस्तकं निवडायची असतात. पुण्या-मुंबईतल्या ज्या ख्रिस्ती आईबापांनी हे पाऊल उचललंय, किंवा उचलावं की नाही या घोळात ज्यांची शाळाप्रवेशाची तारीख उलटून गेलीय, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. मूल चार ते आठ वर्षांचं धरलंय. त्याला अजून वाचता येत नसेल तरी चिंता नको. निवडीच्या कामात त्याचा कुठेच संबंध येत नाही.

मूळ नियम आधीच सांगून ठेवतो. जे पुस्तक निवडायचं ते वाचू नये. वाचायला बसलं की माणूस हसतो, डोळे पुसतो, पुढे काय झालं म्हणून पान उलटतो, आणि मग त्याला पुस्तकातली खोट दिसेनाशी होते. त्यापेक्षा पुस्तकाविषयी वाचावं. परीक्षणं वाचावीत, परीक्षणांवरचे आक्षेप वाचावेत, प्रकाशकाने छापलेलं विश्वासाचं निवेदन ओळीओळीने तपासावं, लेखिका कुठल्या मंडळीत जाते याचीही चौकशी करावी. एवढं झाल्यावर पुस्तक उघडण्याची गरज उरत नाही.

पहिली पायरी पंथाची. आपल्यात आधीच मराठी मिशनवाले, सी.एन.आय.वाले, मुक्तिफौजवाले आणि पेंटेकॉस्टवाले आहेत. होमस्कूलिंगमध्ये शिरल्यावर त्यांत भर पडते. एक पंथ 'क्लासिकल'. जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउर या मायलेकींनी १९९९ साली लिहिलेलं 'द वेल-ट्रेन्ड माइंड' हे त्यांचं मुख्य पुस्तक. जगाचा इतिहास चार-चार वर्षांच्या फेऱ्यांत फिरवायचा आणि जरा मोठं झाल्यावर लॅटिन सुरू करायचं, असा बेत असतो. ज्या घरातल्या पोराला अजून 'केळं' म्हणताना 'केलं' म्हणावं लागतं, त्या घरातही लॅटिनच्या विभक्त्या घुमू लागतात. दुसरा पंथ खोक्याचा. वर्षाची सगळी पुस्तकं आणि रोज काय शिकवायचं त्याचं वेळापत्रक अमेरिकेहून एकाच खोक्यात येतं. शाळा सोडली पण शाळेवाचून करमत नाही, अशांना हा मानवतो.

तिसरा पंथ शार्लट मेसनबाईंचा, आणि सध्या चलती त्यांचीच आहे. बाई १८४२ ते १९२३ या काळातल्या, इंग्लंडातल्या अँबलसाइडच्या. लग्न केलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांचा मात्र इतका विचार केला की त्याचे सहा खंड झाले. त्यांचं म्हणणं असं की मुलांच्या हातात जिवंत पुस्तकं द्या, पाणचट करून सांगितलेलं काही देऊ नका. सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नकोत. हवा बरी असेल त्या दिवशी चार ते सहा तास मूल उघड्यावर असू द्या. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे कसं जमवायचं, असा प्रश्न पडेल. ते आपोआप जमतं. आई सहा खंड वाचत बसते, तेवढा वेळ मूल खाली पार्किंगमध्ये असतं.

पंथ ठरला की गाळणी लावावी. जादू नको, चेटकीण नको, बोलणारे प्राणी नकोत, रक्तपात नको, आईबापांना उलट बोलणारी मुलं नकोत, हे पाच निकष पुष्कळांकडे असतात. बाजारातलं कुठलंही पुस्तक यांतून पार होत नाही, हे चांगलंच आहे, खर्च वाचतो. फक्त एक दक्षता घ्यावी. ही गाळणी पवित्र शास्त्राला लावू नये. गणना वाचायला घेतलं की बलामाची गाढवी धन्याला तोंडावर जाब विचारते, आणि तिचंच बरोबर असतं. एन-दोरला राजा शौल रात्री वेषांतर करून भुतं काढणाऱ्या बाईकडे जातो. शास्ते उघडलं तर याएल पाहुण्याला दूध पाजते, पांघरूण घालते आणि तंबूची मेख त्याच्या कानशिलातून जमिनीपर्यंत ठोकते. ज्याला टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांपैकी बेचाळिसांना अस्वलिणी फाडतात, त्या अलीशाला तर काही निकषच लागू पडत नाही. पोरांना नेमक्या याच गोष्टी पुन्हा पुन्हा हव्या असतात. तेव्हा मुलांसाठीचं चित्रमय बायबल घ्यावं, ज्यात यातलं काही नसतं.

चित्रमय बायबल निवडताना नोहाचं तारू पाहावं. उत्पत्तीत मापं स्वच्छ दिली आहेत : तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. म्हणजे भलंमोठं, लांबट, तीन मजली गोदाम. चित्रात असतो तो एक गोलमटोल लाकडी टब. वरच्या टोकाला जिराफाच्या दोन माना, खिडकीत हत्ती आणि डेकवर हसणारा नोहा. पाण्याखाली काय काय बुडालंय ते कुठेच नाही. असं पुस्तक बेलाशक घ्यावं. पाच वर्षांचं मूल बोट ठेवून विचारतं, "सिंहांनी काय खाल्लं?" त्याला "झोप आता" हे उत्तर सर्व मंडळ्यांत मान्य आहे.

आता नार्नियाचा प्रश्न. सी. एस. लुइसच्या या सात पुस्तकांत चेटकीण आहे, जादू आहे आणि जवळजवळ प्रत्येक प्राणी बोलतो. तरी ती चालतात. हॅरी पॉटरमध्येही हेच आहे आणि ते चालत नाही. का, हे विचारणाऱ्यांनी आपली आत्मिक स्थिती तपासावी. खरा वाद वेगळाच आहे : सातांपैकी आधी कुठलं वाचायचं? १९५० साली पहिल्यांदा आलं ते 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. पण कथेच्या काळानुसार लावायचं तर १९५५ सालचं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' आधी येतं. यावर घरात किमान आठवडाभर चर्चा व्हावी. १९५७ साली एका मुलाने हाच प्रश्न विचारला तेव्हा लुइसने त्याला पत्र लिहून काळाचाच क्रम बरा वाटतो असं कळवलं, आणि खरं तर कुठल्या क्रमाने वाचलं तरी फारसं बिघडत नाही, असंही पुढे जोडलं. ते दुसरं वाक्य कुणाला दाखवू नये.

विज्ञानाच्या पुस्तकाचं एक बरं असतं; त्याचा निकाल पहिल्याच पानावर लागतो. पृथ्वीचं वय पाहायचं. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ सालच्या ऑक्टोबरात नेऊन बसवला, आणि अमेरिकेतली पुष्कळ ख्रिस्ती पाठ्यपुस्तकं आजही काही हजार वर्षांच्याच हिशोबाने चालतात. काही प्रकाशक कोट्यवधी वर्षं धरतात. काही जण हे पान कोरं ठेवतात आणि दोघांनाही विकतात. आपण ज्या बाजूचे असू त्या बाजूचं घ्यावं. अडचण पुस्तकात नाही, पुण्यात आहे. वेताळ टेकडीचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा धरतात. टेकडीवर नेलं तर मुलांना फुलपाखरं दाखवावीत आणि खाली पाहू देऊ नये.

परदेशी पुस्तकांचा आणखी एक गुण म्हणजे त्यांच्यामुळे मुलांची क्षितिजं रुंदावतात. आमच्या ओळखीच्या एका घरातला सात वर्षांचा मुलगा निकेल, डाइम आणि क्वार्टर बिनचूक मोजतो. त्याला वाण्याकडे पन्नासची नोट देऊन पाठवलं की वाणी परत देईल ते तो मुठीत आणतो. त्याच्या निसर्गवहीत रॉबिनचं चित्र आहे. छातीला नारिंगी रंग खडूने इतका घासलाय की मागच्या पानावर उमटलाय. खाली इंग्रजीत तारीख आणि 'आज बर्फ नाही' अशी प्रामाणिक नोंद. खिडकीसमोरच्या शेवग्यावर दयाळ बसून रोज सकाळी घसा ताणून गातो. तो पुस्तकात नसल्यामुळे त्याचं चित्र काढलेलं नाही.

आता मिशनऱ्यांची चरित्रं. हा भाग मोठा आहे आणि इथे माझंही मन जरा विरघळतं. चपला शिवणारा विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरला, ही हकिकत कुठल्याही मुलाला बसल्या जागी खिळवते. त्याच्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला, हे चरित्रात सहसा एका वाक्यात उरकतात. एमी कार्मायकलबाई लहानपणी निळे डोळे मिळावेत म्हणून प्रार्थना करत होत्या. मिळाले नाहीत, आणि पुढे दक्षिण भारतात साडी नेसून वावरताना तेच तपकिरी डोळे कामी आले. मुली ही गोष्ट ऐकून आरशात पाहून येतात. अशी पुस्तकं मागवावीतच.

अशा चरित्रमालांमधून पंडिता रमाबाईंचं इंग्रजी चरित्रही मिळतं. ते अमेरिकेत छापलं जातं, जहाजाने येतं, त्यावर २०१९ पासून आयात पुस्तकांची पाच टक्के ड्यूटी बसते, आणि ते पुण्यात एका घरी पोचतं. आई ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवते, 'केडगाव'चा उच्चार जमेल तसा करत. केडगाव पुण्याहून दौंडच्या गाडीने गाठता येतं. तिथे रमाबाईंचं मुक्ती मिशन अजून आहे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, ते मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायका-मुलींनी खिळे जुळवून छापलं, आणि १९२२ साली बाई गेल्या त्या हे भाषांतर हातावेगळं करूनच. पण तिथे जाऊ नये. एक तर ही सहल खोक्यातल्या वेळापत्रकात नाही. दुसरं, चरित्र संपल्यावर सोडवायची प्रश्नपत्रिका राहून जाते.

नगरची आजी घरात असेल तर तिची वेगळी व्यवस्था लावावी. तिच्याजवळ मिशनने मुलांसाठी काढलेल्या 'बालबोधमेवा'च्या आठवणी असतात, 'उपासना संगीत' तोंडपाठ असतं, आणि 'स्मृतिचित्रे' तिने इतक्यांदा वाचलेलं असतं की लक्ष्मीबाई टिळक शेजारच्या वाड्यात राहत होत्या अशा थाटात ती सांगत असते. ना. वा. टिळकांनी बायकोला घरीच वाचायला शिकवलं आणि टिळक १९१९ साली गेल्यावर त्याच बायकोने त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, हेही तिच्याकडूनच कळतं. आजी जेवताना, भांडी विसळताना, कधीही सुरू होते. मुलं हसून लोळतात आणि अजून सांग म्हणून मागे लागतात. यावरून ते शिक्षण नाही हे उघड आहे. तरी तिला दुखवू नये. नोंदवहीत 'पूरक साहित्य' असा रकाना करून त्यात आजीचं नाव घालावं. फादर स्टीफन्सचं १६१६ सालचं 'ख्रिस्तपुराण' तिने आणून दिलं तर त्याच रकान्यात. दहा हजारांवर ओव्या आहेत, पण वर्कबुक एकही नाही.

नातेवाईक 'दहावीचं काय?' असं विचारतील. 'एनआयओएस, मुक्त शाळा' म्हणावं आणि चहा पुढे करावा.

एवढं करूनही जूनच्या सुमारास असं लक्षात येतं की निवडलेला अभ्यासक्रम आपल्या मुलाला लागू पडत नाही. घाबरू नये, हाही पद्धतीचाच भाग आहे. पुस्तकं आपल्यासारख्याच दुसऱ्या कुटुंबाला विकावीत आणि त्यांनी नापसंत केलेली आपण घ्यावीत. 'जवळजवळ नवीन' असं लिहिता येतं, कारण वर्कबुकची पहिली दोनच पानं सोडवलेली असतात. ती पेन्सिलने असतील तर मुलालाच खोडरबर देऊन बसवावं, आणि तो अर्धा तास त्या दिवसाच्या नोंदीत 'हस्तकौशल्य' म्हणून लिहून टाकावा.