दुसऱ्याच फेरीत थांबला!

"वहिनी, बोंबील काढा, वारा फिरलाय," कुंपणापलीकडून भाऊंनी हाक मारली. बोंबील हे निमित्त, ते मी ओळखलंच. अंगणात टेम्पो जॅकवर चढवलेला, मागचं चाक खाली, भाऊंच्या हातात पाना. भाऊंना बोलायला माणूस हवा होता.

"काय, परत पंक्चर?"

"पंक्चर कसलं! टायर गोटा झाला होता. दर वेळी म्हणायचो, अजून एक खेप काढू. परवा रात्री तलासरीच्या अलीकडे फाटला. आत 60 क्रेट चिकू. पंक्चरवाल्याला झोपेतून उठवला, त्याच्याकडे टॉमी सापडेना. दीड तास गेला, वहिनी, दीड तास!"

तेवढ्यात त्यांचा धाकटा मोबाइल घेऊन ओट्यावर आला. याला शाळेच्या पुस्तकातलं काही लक्षात राहत नाही, पण फॉर्म्युला वनचं विचारा. "पप्पा, 2023 मध्ये कतारला मॅकलॅरनवाल्यांनी 1.80 सेकंदांत चारही चाकं बदलली होती."

भाऊंनी पाना खाली ठेवला. "माणसं किती होती?"

"वीसेक. एका चाकाला तिघं. एक गन लावतो, एक जुनं काढतो, एक नवं बसवतो. आणि चाकाला नट एकच, मधोमध."

"एकच नट? मग काय कौतुक सांगतोस! आमचे बघ, दोन तर गंजून बसलेत." पण भाऊंच्या तोंडावर जरा हेवा दिसला. "आणि डिझेल भरायला किती वेळ लागतो त्यांना?"

"भरतच नाहीत. 2010 पासून बंद आहे ते."

हे भाऊंना अजिबात पटलं नाही. त्यांचं सगळं गणित डिझेलवर. महाराष्ट्रात टाकीत जेमतेम अच्छाड ओलांडण्यापुरतं ठेवायचं आणि भिलाडला, गुजरातच्या हद्दीत, स्वस्तात टाकी फुल करायची. थांबायचंच तर फायद्याच्या ठिकाणी थांबावं, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर यात ते त्या रेसवाल्यांपेक्षा कमी नाहीत.

मी मध्येच विचारलं, "पण चांगली चाकं बदलायची कशाला म्हणते मी?"

"काकी, टायर तीन जातीचे असतात. लाल पट्टीचा मऊ, पिवळा मधला, पांढरा कडक. मऊ रस्ता धरतो, जोरात पळतो, पण लवकर झिजतो. कडक टिकतो, पण तापेपर्यंत घसरतो. आणि कोरड्या रेसमध्ये दोन जातीचे तरी वापरावेच लागतात."

"म्हणजे आपला चिकूच की रे. पिकलेला खायला गोड, पण वापीपर्यंत जाईस्तोवर त्याचं पाणी होतं. कडक काढला तर दिल्ली गाठतो."

"आणि टायर गाडीला लावायच्या आधी इलेक्ट्रिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गरम करतात."

"आढीच घालतात म्हण ना!" यावर भाऊसुद्धा हसले.

मग पोरानं 2013 ची गोष्ट काढली. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 पासून तीनच वर्षं ही रेस झाली, पुढे करमणूक कराच्या भानगडीत अडकून बंद पडली. त्यातली शेवटची 27 ऑक्टोबर 2013 ची, 60 फेऱ्यांची. सेबास्टियन वेटेल पहिल्या नंबरावरून सुटला आणि दुसरी फेरी संपताच टायर बदलायला आत वळला!

"दुसऱ्याच फेरीत? डोकं फिरलं होतं काय?" भाऊ कुंपणाला येऊन टेकले.

डोकं फिरलेलं नव्हतं. तेव्हा नियम असा की, पात्रता फेरीच्या शेवटी जे टायर लावले त्यांच्यावरच पहिल्या दहांनी रेस सुरू करायची. वेटेलनं पुढची जागा मिळावी म्हणून मऊ लावले होते, आणि त्या ट्रॅकवर मऊ टायर बघता बघता सोलवटत होते. मग आज ना उद्या थांबायचंच तर आत्ताच थांबू, असा हिशेब. तो पार मागच्या घोळक्यात गेला, पण मधल्या जातीच्या ताज्या टायरवर एकेकाला मागे टाकत आला आणि जवळपास 30 सेकंदांनी जिंकला. चौथं विजेतेपदही त्याच दिवशी त्याच्या खिशात.

"आणि न थांबणारे?" भाऊंचा आवाज जरा खाली आला होता.

एकाच थांब्यावर रेस काढू बघणारे लोटस संघात दोघं होते. टायर पुरवणाऱ्या पिरेलीनं सांगून ठेवलेलं, मधला टायर 35 फेऱ्यांपुढे ताणू नका. रोमेन ग्रोजाँ सतराव्या जागेवरून निघाला, तेराव्या फेरीला एकदाच थांबला, पुढच्या 47 फेऱ्या त्याच टायरवर जपून काढल्या आणि तिसरा आला. त्याचाच जोडीदार किमी रायकोनेन. त्यानंही एकाच थांब्यात भागवायचं ठरवलं, पण त्याचे टायर आधीच संपले. ग्रोजाँला वाट देईना, तर रेडिओवरून स्वतःच्याच संघाच्या माणसानं त्याला शिवी हासडली. शेवटी दोनेक फेऱ्या उरल्या असताना टायर बदलावेच लागले, आणि आला सातवा. गंमत म्हणजे त्या नव्या टायरवर रेसमधली सगळ्यांत वेगवान फेरी त्यानंच मारली. काय उपयोग!

"ऐका," भाऊंची बायको दारातून म्हणाली, "अजून एक खेप, अजून एक खेप!"

भाऊ काही बोलले नाहीत. मग मला समजावू लागले, की आता पुढे दोन नवे टाकणार, मागे मात्र रिमोल्डच. पुढच्या चाकाला रिमोल्ड कधीच लावायचा नाही, पुढचं फुटलं तर स्टीअरिंग हातात राहत नाही. मागचं फुटलं तर गाडी निदान सावरता येते. हे ज्ञान त्यांना कुठल्या पिरेलीनं दिलेलं नाही, हायवेवर शिकलेत.

चाक चढलं. नट आवळून झाले. पोरगं म्हणालं, "पप्पा, 40 मिनिटं." भाऊंनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि वाकून स्टेपनी दाबून बघितली.

स्टेपनीत हवा नव्हती.