वाशिम आम्हाला परत द्या!

प्रति,
आयपी पत्त्यावरून माणसाचं गाव ठरवणारे समस्त डेटाबेस,
आणि त्यांच्या शब्दावर दार लावून घेणाऱ्या व्हिडिओ कंपन्या,
मुक्काम पोस्ट : क्लाउड

विषय : वाशिम शहर नेदरलँड्समधून सोडवून मिळण्याबाबत.

महोदय,



भारतात चाललेला, भारतीय संघ खेळत असलेला क्रिकेटचा सामना आम्ही भारतात बसून, भारतीय रुपयांत वर्षाची वर्गणी भरून पाहायला गेलो. आपण पडद्यावर एकच ओळ दाखवलीत : ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.’ आता आमचा देश कोणता, हे आपल्यालाच विचारणं आलं. पुतण्याने आयपी पत्ता सांगणारी एक साइट उघडली आणि तिथूनच ओरडला, ‘काका, आपलं घर हॉलंडात दाखवून राहिलं!’ देश नेदरलँड्स, शहर ॲम्स्टरडॅम, अक्षांश 52.37, रेखांश 4.89. खाली नकाशा, नकाशावर लाल टिंब. वाशिमच्या पाटणी चौकापासून अंतर साधारण सात हजार किलोमीटर.

प्रथम आपले आभार. व्हिसा नाही, विमानाचं तिकीट नाही, सातबारा गहाण टाकणं नाही, आणि सगळं कुटुंब युरोपात. पावसाळ्यात वीज गेली तर तीही ॲम्स्टरडॅमलाच गेली असं समजायला आता हरकत नाही. जाहिराती डच भाषेत येऊ लागल्या. कुठलीही साइट उघडली की ‘तुमच्या खासगीपणाची आम्हाला कदर आहे’ अशी खिडकी पुढे येते. युरोपात 2018 च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या कायद्यामुळे तिथल्या लोकांची अशी परवानगी घ्यावी लागते म्हणे. वाशिममध्ये आजवर आमची कुणी एवढी कदर केली नव्हती.

आनंदात विरजण एवढंच पडलं की आपलं आपसात जमत नाही. दुसऱ्या डेटाबेसला विचारलं, तो म्हणाला सिंगापूर. तिसरा म्हणाला मुंबई. घर तेच, राऊटर तोच, वेळही तीच. मोबाइलवर पाहावं तर तिथेही मुंबई, कारण मोबाइल कंपनी एकेका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवते आणि त्या सगळ्यांचं दार मोठ्या शहरातल्या केंद्रात उघडतं. विदर्भाचं सगळं मुंबईत ठरतं ही तक्रार जुनीच. आता विदर्भातली माणसंही मुंबईतच राहतात, हे आपल्याकडून कळलं.

नकाशावरून गायब व्हायची वाशिमला सवय आहे, हे मान्य. इंग्रजांच्या कागदांत आम्ही ‘बासीम’ होतो, वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा. 1905 साली तो जिल्हा मोडला आणि आम्ही अकोल्यात गेलो. 1 जुलै 1998 ला जिल्हा परत मिळाला. त्याआधीचं पाहायचं तर वाकाटकांच्या काळात हे वत्सगुल्म, राजधानीचं ठिकाण. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची गावं सांगितली, त्यांत उज्जैनबरोबर आमचंही नाव आहे. शहरातलं मध्यमेश्वराचं देऊळ त्याच रेषेची आठवण सांगतं. म्हणजे आमचा ठावठिकाणा हा चौदाशे वर्षांपासूनचा विषय आहे. आजच्या मोजणीने वाशिम उज्जैनच्या रेषेपासून सुमारे 140 किलोमीटर पूर्वेला पडतं. भास्कराचार्यांचं तेवढं चुकलं. पण त्यांच्याजवळ उपग्रह नव्हता, आणि चुकले तरी त्यांनी आम्हाला भारतातच ठेवलं.

आपलं कुठे चुकलं, तेही सांगतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे पत्ते जगात मिळून 429 कोटी. फेब्रुवारी 2011 मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचं कोठारही तळाला लागलं. 2012 पासून भारतात पत्तेवाटपाचं काम आयआरआयएनएन ही संस्था पाहते. पण नव्या कंपनीच्या वाट्याला येतात ते मोजकेच. मग तालुक्याच्या गावात इंटरनेट पोचवणारी छोटी कंपनी काय करणार? परदेशातले वापरलेले पत्ते विकत किंवा भाड्याने आणते. नोंदणीच्या कागदावर नाव बदलतं, पण तो कागद वाचून यादी करणारे आपण वेगळे, आणि आपली यादी विकत घेणाऱ्या व्हिडिओ कंपन्या आणखी वेगळ्या. पुण्याहून जुनी गाडी आणून वाशिमला आपल्या नावावर करून घ्यावी आणि टोलनाक्यावरच्या पोराने तरीही जुन्या मालकाच्या नावाने पावती फाडावी, तसला हा प्रकार.

तक्रार कुठे करायची, याची सोयही आपण मोठी छान केली आहे. इंटरनेट जोडून देणारा पोरगा डोक्यावरच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘भाऊ, वरूनच प्रॉब्लेम आहे.’ त्याच्या वरच्या कार्यालयात विचारलं, तर ‘नेट चालू आहे ना? मग आमच्याकडून ओके आहे.’ व्हिडिओ कंपनीच्या मदतकेंद्राने आधी राऊटर बंद करून चालू करायला लावला, मग ॲप काढून परत टाकायला लावलं, आणि शेवटी विचारलं, ‘सर, आपण सध्या भारताबाहेर प्रवासात आहात का?’ आम्ही म्हणालो, घरातून हललेलोच नाही. उत्तर आलं, ‘परत भारतात आल्यावर पुन्हा प्रयत्न करा.’ पाठोपाठ संदेश आला : आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया पाच तारे द्या.

आमच्याजवळ आधार आहे, रेशनकार्ड आहे, लाइटबिल आहे, मतदार यादीत नाव आहे. यातलं काहीही आपण बघत नाही. बरं, कागद नको तर नको. निसर्गाचा पुरावा तरी घ्याल? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ॲम्स्टरडॅमहून मुंबईला जाऊन परत यायला, तार अगदी सरळ टाकली तरी, सत्तरेक मिलिसेकंद लागायलाच हवेत. आमच्या राऊटरने मुंबईच्या सर्व्हरला हाक मारली, तर उत्तर वीसेक मिलिसेकंदांत हजर. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर आम्ही मुंबईच्या आसपासच्या मुलखात आहोत, किंवा आम्ही हॉलंडात आहोत आणि प्रकाशाहून जोरात पळतो. ही हाक मोजणारी यंत्रं व्हिडिओ कंपन्यांकडे आहेत, रात्रंदिवस मोजतही असतात. तरी विश्वास यादीवर. आइन्स्टाइन हयात असते तर त्यांनाही राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं असतं.

कुणी म्हणेल, एका सामन्याने काय बिघडतं? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळ एक शेत आहे. मॅक्समाइंड नावाच्या कंपनीच्या यादीत ज्या पत्त्यांबद्दल ‘देश अमेरिका, पुढचं ठाऊक नाही’ एवढंच कळलेलं होतं, त्या सगळ्यांपुढे देशाच्या मध्याजवळचा एक सोयीचा बिंदू लिहिलेला होता : 38 अक्षांश, उणे 97 रेखांश. तो बिंदू त्या शेतावर पडला. साठ कोटींहून जास्त पत्ते एका शेतघराच्या नावावर जमा झाले. वर्षानुवर्षं त्या घरी पोलीस येत, चोरीचा माल शोधणारे येत, पळून गेलेल्या पोरांचा माग काढणारे येत. 2016 मध्ये एका पत्रकार बाईंनी हे उघडकीस आणलं, तेव्हा तो बिंदू हलवून एका तलावाच्या मधोमध ठेवण्यात आला. त्या घरच्यांनी केलेला गुन्हा काय, तर यादीत ‘माहीत नाही’ लिहायला जागा नव्हती.

आपलं दुखणं तेच आहे, महोदय. अंदाज बांधण्याला आमचा विरोध नाही. देश ओळखण्यात आपला अंदाज बहुतेकदा बरोबर येतो, हेही खरं. शहराच्या बाबतीत तो बराच डगमगतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण पडद्यावर आपण अंदाज सांगत नाही, निकाल सांगता. खात्री किती, ते सांगत नाही. अपील कुठे करायचं, तेही नाही.

व्हिडिओ कंपन्यांची अडचण आम्हाला कळते. खेळांचे हक्क देशादेशांनुसार विकले जातात. 2022 मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. एवढी रक्कम ओतल्यावर सीमेवर पहारा बसणारच. पण हा पहारा अडवतो कुणाला? 2022 मध्ये सरकारने, दुसऱ्या देशाचा पत्ता मिळवून देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांना, ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढून घेतले आणि सिंगापूर व ब्रिटनमधल्या यंत्रांना भारतीय पत्ते देऊन ‘भारत’ म्हणून ग्राहकांपुढे ठेवलं. म्हणजे सिंगापुरातलं कपाट कागदोपत्री भारतीय होऊ शकतं, आणि वाशिममध्ये जन्मलेला माणूस डच! खोटं बोलणाऱ्याची सोय पैसे भरून होते. खरं बोलणाऱ्याने मात्र सिद्ध करत बसायचं.

2018 साली सरकारने आमच्या जिल्ह्याचं नाव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. त्या अधिकाराने आमच्या आकांक्षा मांडतो.

पहिली, इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी जिओफीड प्रसिद्ध करावं. ही साध्या मजकुराची फाइल असते. एका ओळीत पत्त्यांचा गट, स्वल्पविराम, आयएन, स्वल्पविराम, आयएन-एमएच, स्वल्पविराम, वाशिम. बस. तिचा नमुना आरएफसी 8805 या क्रमांकाने ऑगस्ट 2020 मध्येच प्रसिद्ध झाला आहे. ज्याने पत्ते भाड्याने आणले, त्यानेच ते कुठे वापरतो ते सांगायचं, इतका सरळ हिशेब. कंपनी कितीही छोटी असो, चहा होईस्तोवर हे काम आटोपतं.

दुसरी, आपण ती फाइल वाचावी, नियमित वाचावी, आणि खात्री नसेल तिथे ‘माहीत नाही’ असं लिहायला लाजू नये.

तिसरी, व्हिडिओ कंपन्यांनी दार लावण्याआधी वर्गणी कोणत्या चलनात आली आणि मुंबईच्या सर्व्हरला उत्तर किती वेळात मिळालं, एवढं तरी पाहावं. आणि दार लावायचंच असेल तर त्याच ओळीखाली ‘तुमचं ठिकाण चुकलं आहे का?’ असं एक बटण द्यावं, ज्याच्या मागे माणूस बसलेला असेल.

हे जमणार नसेल तर निदान आम्हाला हॉलंडचे कागदपत्र पाठवून द्या. नागरिकत्व, रेशन, पेन्शन, सगळं. अर्धवट स्थलांतर आम्हाला परवडत नाही.

कळावे,
आपला,
एक वाशिमकर, तूर्त डच

ता. क. वाचकांसाठी : आपलीही अशीच पाठवणी झाली असेल तर आधी फोनमधलं व्हीपीएन आणि पत्ता लपवणाऱ्या ‘खासगी रिले’सारख्या सोयी बंद करून पाहा. तोच व्हिडिओ मोबाइल डेटावर चालतो आणि घरच्या नेटवर चालत नाही, तर दोष ॲपचा नसून बहुधा घरच्या पत्त्याचा आहे, असं समजा. दोन-तीन साइटवर जुन्या पद्धतीचा आयपीव्ही4 आणि नव्या पद्धतीचा आयपीव्ही6 असे दोन्ही पत्ते तपासा, कारण एक बरोबर आणि दुसरा चुकीचा असू शकतो. चुकीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट काढून इंटरनेट कंपनीला लेखी द्या, आणि ‘जिओफीड’ हा शब्द त्यात लिहाच. ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर राऊटर बदलून देतील. मोठ्या डेटाबेसच्या साइटवर दुरुस्तीचा अर्जही असतो, तो भरा. दुरुस्ती सगळीकडे झिरपायला काही आठवडे जातात. तोवर सामना मोबाइलवर पाहा, पण तक्रार मागे घेऊ नका.