पावणीच्या प्रेमात पडू इच्छिणाऱ्या संसारी गृहस्थांस सूचना

प्रथम पात्रता. वय पंचेचाळिशीच्या पुढे, लग्नाला वीस वर्षे झालेली, तारकर्लीच्या रस्त्याला घर आणि त्यातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिलेल्या. एवढे असले की पुण्याहून तीन रात्रींसाठी आलेल्या पावणीच्या प्रेमात पडायला आपण लायक ठरता. ‘किती छान वाटतंय हो इथे!’ असे तिने म्हणायचा अवकाश. ते ती माडांकडे बघून म्हणाली, ही बाब मनावर घेऊ नये.

मोसम सांभाळावा. २६ मे ते ३१ ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद, सबब प्रेमही बंद. मार्च उत्तम. तिला किल्ला दाखवायला स्वतः जावे. एरवी पाहुण्यांना जेटीवर सोडून माघारी फिरणारा माणूस आज होडीत चढला, हे होडीवाला बघतो. म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत मालवणचा अख्खा धुरीवाडाही बघतो. किल्ल्यात महाराजांच्या हातापायांचे ठसे, शिवराजेश्वराचे देऊळ असे उरकून विहिरींपाशी थांबावे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध हे गोडे, यावर काहीतरी खोल बोलायचे रात्रीच ठरवून ठेवावे. ऐनवेळी तोंडातून “जपून हां, निसरडा आसा” एवढेच निघते.

नावाची चिंता नको. २०१९ साली ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा दुसरा भाग आला आणि आकेरीच्या वाड्यातले संसारी अण्णा नाईक नि त्यांची शेवंता घराघरांत पोचले, तेव्हापासून या दुखण्याला आमच्याकडे तयार नाव आहे. चहाच्या टपरीवर कोणी “काय अण्णानू!” अशी हाक मारली, तर बातमी पोचली असे समजावे. मालिकेत पुढे त्या दोघांचे काय झाले, याची चौकशी करत बसू नये.

देवाला मात्र यात ओढू नका. आपल्याकडे गाऱ्हाणे मनातल्या मनात घालायची सोय नाही. ते मोठ्याने बोलले जाणार, आणि वाक्यावाक्याला जमलेला गाव “व्हय महाराजा” म्हणणार.

आता नाजूक भाग, म्हणजे मासळी. प्रेमात पडलेला माणूस स्वतः बाजाराला जातो, ही त्याची पहिली घोडचूक. बंदरावर संध्याकाळच्या लिलावात कोळणीने सांगितला तो भाव मोजून आपण भली मोठी सुरमई आणता. बायको काही बोलत नाही. अंगठ्याने कल्ला उचलते. आत लाल असायला हवे, तिथे विटकरी, कडेला पांढुरके. डोळा आत गेलेला. पोटावर बोट दाबले तर खळगा तसाच राहतो.

“बर्फातली आसा,” ती म्हणते. “तुमचा लक्ष खंय होता?”

प्रश्न सुरमईबद्दल आहे असे धरून चालावे आणि उत्तर देऊ नये. त्या दिवशी ती मसाला दुप्पट घालते. शिळी मासळी तशीच निभावून न्यावी लागते, आणि वीस वर्षांत तिने बरेच काही निभावलेले असते. पावणी दोनदा भात घेते, बोटे चाटते, सोलकढीचा तिसरा पेला मागते. आपण पंख्याखाली उभे राहून या तृप्तीचे श्रेय स्वतःकडे घ्यावे.

चौथ्या सकाळी ती जाते. कुडाळ स्टेशनापर्यंत सोडायला जाऊ नका. रिक्षा आधीच ठरलेली असते, तीही बायकोने.

पुढचे पंधरा दिवस मोबाइल उशाशी ठेवावा. मग एके दुपारी तो वाजेल. माडाच्या आडोशाला जाऊन, चष्मा पुसून वाचावे: “काका, काकूंचा तो मसाला २ किलो मिळेल का?”

बायकोला हे सांगावेच लागते, कारण मसाला तिचा. ती सुपात बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या ओतते, पाट पुढे सरकवते. “बसा देठा काढूक.”

बसावे. वारा पाठीमागून येईल अशा बेताने बसावे. देठ नखाने मोडू नये, पिळून काढावे. शिंक आली तर सूप धरावे. हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत.