दुर्बीणदार

सेवानिवृत्त अव्वल कारकुनांपैकी काही अध्यात्माकडे वळतात, काही भाऊबंदकीच्या दाव्यांकडे. आणि या दोहोंच्या तावडीतून जे सुटतात, ते यंत्रांच्या नादी लागतात. नगर जिल्ह्याच्या उत्तरेस, जिथे मुळा-प्रवरेच्या पाटांनी ऊस आणला आणि उसाने बिबट्या आणला, तिथे या तिसऱ्या वर्गातून जो एक खास नमुना निपजला आहे, त्यास ‘दुर्बीणदार’ हे पद मी कोणत्याही अधिकाराविना बहाल करतो. काखेत रेग्झिनची पिशवी, गळ्यात चष्म्याची दोरी, खिशात पोलादी फूटपट्टी आणि मुद्रेवर नुकताच कोणाचा तरी खुलासा मागवल्याचा भाव, ही त्याची बाह्यलक्षणे होत.

त्याच्याजवळ बंदूक नाही, बंदुकीचा परवाना नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उद्भवत नाही, हे त्याच्याइतके ठामपणे तालुक्यात दुसरे कोणी सांगत नाही. तथापि बंदुकीवर चढवायची रात्रीची दुर्बीण मात्र त्यास हवी असते. कारण अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले, हे त्याने वाचलेले असते, आणि या पाचांची समक्ष खातरजमा करणे हे तो आपले उर्वरित सरकारी कर्तव्य समजतो. खरेदीपूर्वी परवान्याबाबत पृच्छा करणारा अर्ज तो तीन प्रतींत ठाण्यावर नेतो.

“बंदूक आहे का?” ठाणे अंमलदार विचारतात.

“नाही.”

“घ्यायची आहे का?”

“मुळीच नाही.”

“मग काका, अर्ज कशाचा?”

“तेच तर विचारलंय अर्जात.”

अर्जाचा निकाल लागण्यापूर्वीच तो माळीवाड्याहून एस.टी. धरून पुण्याच्या जुन्या बाजारात दाखल होतो. तिथे तुटक्या पान्यांच्या आणि मुक्या रेडिओंच्या राशीत एक काळी नळी पडलेली असते, आणि विक्रेता ती “अस्सल मिलिटरीचा माल” म्हणून पुढे करतो. येथून जे सुरू होते त्यास खरेदी म्हणणे अन्यायाचे होईल. तो यथासांग पंचनामा असतो. सेलच्या खोबणीत हिरवट गंज आहे काय, स्क्रूच्या खाचा कोणी उचकटल्या आहेत काय, नळी हलवता आत काही खुळखुळते काय, याची नोंद झाल्यावर विक्रेता सहजभावाने पुढचे झाकण काढू लागताच दुर्बीणदार त्याचा हात धरतो. चालू यंत्रात भर दुपारचे ऊन शिरले तर आतली नळी कायमची निकामी होते, दिवसा तपासणे ते झाकणाच्या सुईएवढ्या भोकातूनच, हे प्रवचन अर्धा तास चालते. अंधुक प्रकाशामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन भारी विद्युतदाबाने हिरव्या पडद्यावर कसे आदळतात, पहिल्या पिढीच्या नळीत कडेची झाडे वाकडी का दिसतात, पडद्यावरचे काळे ठिपके कितपत क्षम्य आहेत, आणि अशा नळ्या करणारा कारखाना येथून जवळच, भोसरीत, कसा आहे, हे सर्व ऐकून विक्रेता अखेर हात जोडतो.

“साहेब, घ्यायचीय, का जप्त करायचीय?”

परंतु दुर्बीणदाराच्या विद्वत्तेचा खरा कळस म्हणजे ‘आय रिलीफ’. मागल्या काचेपासून डोळा नेमका किती अंतरावर ठेवला असता संपूर्ण दृश्य कडेपर्यंत दिसते, त्या अंतराचे हे नाव. डोळा त्याहून मागे राहिला तर दृश्य आक्रसते, फाजील पुढे गेला तर कडेला काळ्या चंद्रकोरी नाचू लागतात. चष्मेवाल्यास साध्या दुर्बिणीत हे अंतर निदान 15 मिलिमीटर लागते. बंदुकीवरच्या दिवसाच्या दुर्बिणीत ते तीन ते चार इंच ठेवतात, कारण बार उडताच बंदूक मागे येते आणि जवळ आलेल्या भुवईवर आपला शिक्का उमटवते. रात्रीच्या दुर्बिणीत ते पुष्कळदा याहून कमी असते, आणि शिवाय रबरी वाटी असते. ती नसेल तर पडद्याचा हिरवा उजेड पाहणाऱ्याच्याच तोंडावर पडून त्याचा ठावठिकाणा उघड होतो. हे सारे तो लग्नाच्या पंगतीत, शेजाऱ्याच्या डोळ्यापासून जिलबीपर्यंत फूटपट्टी धरून समजावतो.

बंदुकीच्या अभावी त्याने ही दुर्बीण एका जुन्या पाटाच्या फळीवर बसवून घेतलेली असते. फळीला धक्का देण्याची शक्ती नसली, तरी ज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तो पाहणीस निघतो तिच्यात ती विपुल आहे; म्हणून बहुतेक दुर्बीणदारांच्या उजव्या भुवईवर एक अर्धवर्तुळाकार व्रण आढळतो. तो कसा झाला हे विचारले असता ते “आय रिलीफ” एवढेच म्हणतात, आणि ऐकणारा आदराने गप्प बसतो.

शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रपाळीची असल्याने उसाला दारं धरायला गेलेला शेतकरी बांधावर एकटाच असतो. दुर्बीणदाराच्या सोबतीचे त्यास म्हणूनच वावडे नसते. असाच एका रात्री दुर्बीणदार फळी गुडघ्यांवर टेकून, चष्मा कपाळावर सारून, डोळा केसभर पुढे आणि केसभर मागे नेत अंतर साधत बसला होता. हिरवे वर्तुळ कडेपर्यंत उघडण्याच्या बेतात आले, तोच मागून शेतकरी हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, मागं बघा, पाइपापाशी बसलाय.”

“थांब, हलू नकोस. अर्धा इंच कमी पडतोय.”

अर्धा इंच मिळेपर्यंत बिबट्या उठून, आळस देऊन, उसात गेलाही होता. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत तारीख, वेळ, गट नंबर आणि वाऱ्याची दिशा यथास्थित भरून, शेऱ्याच्या रकान्यात दुर्बीणदाराने वळणदार अक्षरात लिहिले: “मजकूर बिबट्या पाहणीच्या वेळी गैरहजर. सोबतच्या इसमाचा जबाब विरुद्ध आहे, परंतु तो ग्राह्य धरता येत नाही. कारण आय रिलीफ म्हणजे काय, हे सदर इसमास सांगता आले नाही.”