खुळी विचारते

आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानापुढे माझी बहीण दरवर्षी एकच विचारते, "यात गव्हाचं काही नाही ना?" मागचे लोक कुजबुजतात, खुळी आहे. त्या खुळेपणाची मला आज तोंड भरून स्तुती करायची आहे. भराडीदेवीला कौल लावून जत्रेची तारीख ठरवणाऱ्या मुलखात विचारून घेण्याला खूळ कसं म्हणायचं?

तिच्या आठ वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे. गहू-जवातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. त्यावर गोळी नाही, जन्मभर पथ्य हाच इलाज. 'एका तुकड्याने काय होतंय' म्हणतात, पण एका तुकड्यानेही होतं.

खाजा म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आल्या-गुळाच्या पाकात घोळलेल्या. "चण्याचा पीठ ता, गहू खंयसून येतलो?" दुकानदार खोटं बोलत नाही. पण बहीण तिथे थांबत नाही. चणे कुठल्या गिरणीत दळले? आधी गहू दळला असेल, तर जात्यात उरलेलं पीठ बेसनात उतरतं. तेल कुठलं?

गेल्या वर्षी एका आजीने झारा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि क्षणभर आठवून म्हणाली, "चेडवा, सकाळी ह्याच कढयेत मैद्याची शंकरपाळी काढलंय. झिलाक ह्यां नको देव." आम्ही खाजा न घेताच निघालो. मी तिला वाकून नमस्कार केला.

घरी बहिणीने चणे निवडून घरच्या चक्कीत दळले, चाळण वेगळी, तेल नवं. पहिली कांडी पोराने पाक गार व्हायच्या आत उचलली.

तसं हे किनाऱ्याचं जेवण तांदळाचं: घावणे, आंबोळ्या, शिरवळे, उकडीचे मोदक. पण वड्यांच्या पिठात कित्येक घरी गहू पडतो आणि बांधणी हिंगातही बहुधा मैदा असतो. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही. जत्रेतल्या कागदी पुडीवर काही छापलेलं नसतं, तिथे विचारावंच लागतं.

दुकानदार दादांनो, अशी कुणी आई पुढे आली तर हसू नका. कढईत आधी काय तळलं ते आठवून सांगा. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाय' म्हणा, तेवढंही तिला पुरतं.