अटलांटिकचा नवा किनारा

२०२४ पासून कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ अमेरिकी कॉलेज-खेळांच्या 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' या गटात खेळतं. पॅसिफिकला कोणी विचारलं नाही. 'बिग टेन' या दुसऱ्या गटात १८ विद्यापीठं आहेत, तेव्हा मोजणीचंही तेच. पूर्वी बसच्या पल्ल्यातले प्रतिस्पर्धी शोधत. आता टीव्हीच्या प्रेक्षकांचा नकाशा पुढ्यात घेतात, आणि न्यू जर्सीचं रटगर्स लॉस एंजेलिसच्या यूसीएलएच्या पंगतीला बसतं. अमेरिकन फुटबॉलवाले म्हणतील, हंगामात दूरचे सामने असतात किती? खरंय, आणि तेही बहुधा शनिवारी. पण टीव्हीसाठी केलेल्या त्याच करारात व्हॉलीबॉलच्या मुलीही बांधल्या गेल्या. त्यांचे सामने ऐन आठवड्यातही असतात. पैसा फुटबॉलचा, विमानतळावरचा गृहपाठ त्यांचा. उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पश्चिमेच्या 'पॅक-१२' या त्यांच्या गटातले १० शेजारी निघून गेले, तरी पश्चिमेचा किनारा या दोघांनीच राखला. अर्थात, दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सचं बोलावणंच आलं नाही म्हणून.